विदर्भातल्या गावरस्त्यांवर गाडी चालवताना: धोका कुठे वाढतो आणि कमी कसा करायचा

अपघात झाला की गावात पहिलं वाक्य निघतं, "त्याचा काळच आला होता." दुःखात माणूस असं बोलणारच. पण पुढच्या माणसाला वाचवायचं असेल तर तेवढ्यावर थांबून चालत नाही.

कापसाच्या दिवसांतला आपल्याकडचा नेहमीचा अपघात घ्या. संध्याकाळचे साडेसात. माणूस सकाळपासून वावरात, दुपारनंतर तालुक्याच्या बाजारात, आता मोटरसायकलने परत निघालेला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. हेडलाइटच्या काचेवर धुळीचा थर. रस्ता रोजचा, म्हणून वेग ६०. समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर पडतो आणि त्याच वेळी डाव्या बाजूला कापसाने भरलेली ट्रॉली उभी असते, चाक पंक्चर झालेली, मागे ना लाल दिवा ना रेडियम.

थकवा, अंधार, मळकी काच, वेग, डोक्यावर नसलेलं हेल्मेट आणि न दिसणारी ट्रॉली, एवढ्या गोष्टी त्या एका क्षणी एकत्र आल्या. ट्रॉली आणि ट्रकचा उजेड सोडले तर बाकी सगळं घरून किंवा बाजारातून निघतानाच ठरलं होतं. त्यातली एखादी गोष्ट जरी कमी असती, वेग ४० असता, काच पुसलेली असती, तरी तो बहुधा घरी पोचला असता.

हा लेख याच हिशोबावर आहे. गाडीला किल्ली लावण्याआधी आपल्याकडे आज किती धोके जमलेत ते मोजायचं. एक असेल तर सांभाळून जायचं. दोन असतील तर एक तरी कमी करूनच निघायचं. तीन असतील तर मुक्काम करायचा, नाहीतर दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला द्यायची.

हे इतकं कळकळीने सांगण्याचं कारण आकड्यांत आहे. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले १५,२२४ मृत्यू आपल्या महाराष्ट्रातले. देशातल्या एकूण मृतांपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर गेले, आणि मृतांमध्ये ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. म्हणजे हा प्रश्न शहराच्या आधी आपल्या गावांचा आहे.

पहिली पायरी: गाडीआधी स्वतःला तपासा

सुरुवात झोपेपासून करा, कारण तिच्याकडे कोणी धोका म्हणून बघतच नाही. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं लक्ष आणि हातापायांचा वेग दर १०० मिलीलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे पाचला ओलितासाठी उठलेला आणि रात्री दहाला गाडी चालवणारा माणूस एक थेंब न घेताही त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असतो. रात्रपाळीच्या विजेवर ओलित करणाऱ्यांनी तर हे कायम लक्षात ठेवावं.

लग्नसराईत हा धोका फार वाढतो. वरातीची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर दिवसभर उन्हात, संध्याकाळी मांडवात, आणि मध्यरात्रीनंतर पाहुण्यांना घेऊन परत. पहाटे २ ते ५ ही शरीराची झोपेची वेळ असते, तिथे इच्छाशक्ती कामाची नाही. ताशी ८० च्या वेगात चार सेकंद डुलकी लागली तर गाडी जवळजवळ ९० मीटर बिनड्रायव्हरची धावते. लग्नाची गाडी ठरवताना जसं भाडं ठरवता तसं ड्रायव्हर कधी आणि कुठे झोपणार हेही ठरवा. त्याला मांडवापासून दूर खाट द्या. वाटेत डोळे जड झाले, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी साइडपट्टीकडे ओढू लागली, तर खिडकी उघडून किंवा गाणी मोठी करून काही होत नाही. पेट्रोल पंपावर गाडी लावा, चहा घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं झोपा. चहाचा असर व्हायला अर्धा तास लागतो, तोवर झोपही झालेली असते.

दारूबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे. दोनच गोष्टी सांगतो. मोहाच्या दारूची तीव्रता प्रत्येक भट्टीला वेगळी, त्यामुळे "मी एकच ग्लास घेतला" या हिशोबाला अर्थ नसतो. आणि रात्री उशिरापर्यंत घेतलेली दारू सकाळी अंगात शिल्लक असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा होळीनंतरच्या सकाळी डोकं मोकळं वाटत असलं तरी गाडी दुसऱ्याकडे द्या. सर्दी-खोकल्याच्या आणि खाजेच्या बऱ्याच गोळ्यांनीही गुंगी येते. औषधाच्या दुकानात गोळी घेताना "यानं झोप येते का" हा प्रश्न विचारायची सवय लावा.

खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं, वेगळं सांगावं लागेल. आपल्याकडे चालत्या गाडीवर खर्ऱ्याची पन्नी सोडणारे आणि दार अर्धवट उघडून किंवा मान बाहेर काढून थुंकणारे ड्रायव्हर रोज दिसतात. तेवढा वेळ एक हात आणि दोन्ही डोळे रस्त्यावरून गेलेले असतात. मोबाइलचंही तसंच. गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो. खांदा आणि कानात फोन दाबून मोटरसायकल चालवणाऱ्याची तर मानही वाकडी असते, म्हणजे एका बाजूचं दिसतच नाही.

डोळ्यांची परीक्षा घरीच घेता येते. लायसन्ससाठी चाळिशीनंतर जो डॉक्टरी दाखला लागतो, त्यात उमेदवाराला दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, असा प्रश्न असतो. गाडी उभी करा, तेहतीस-चौतीस साधी पावलं मागे चाला आणि वाचून बघा. वाचता आली नाही तर तालुक्याच्या नेत्र शिबिराची वाट न बघता डोळे दाखवा. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर दिवसा फारसं जाणवत नाही, पण रात्री समोरच्या दिव्याभोवती वलयं दिसतात आणि त्या उजेडामागचं सगळं पुसलं जातं. असं होत असलेल्या माणसाने ऑपरेशन होईपर्यंत रात्री गाडी चालवू नये. घरच्यांनी हे प्रेमाने पण ठामपणे सांगावं.

दुसरी पायरी: वेळ निवडा

देशाच्या आकडेवारीत संध्याकाळी ६ ते रात्री ९ या तीन तासांत सर्वात जास्त अपघात होतात. आपल्याकडे ही वेळ ढोरं परतायची, मजूर वावरातून घरी जायची आणि आठवडी बाजार सुटायची. मावळतीकडे तोंड करून जात असाल तर ऊन थेट डोळ्यांत येतं. बाजारातून एक तास लवकर निघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पूर्व विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यात, तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या भागात, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुकं दाट असतं. तेव्हा हेडलाइट डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावरच ठेवा, कारण अपरचा, म्हणजे वरच्या झोताचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा पाणी पिऊन, डोकं बांधून निघा. उन्हाने ग्लानी आलेल्या माणसाचा ब्रेकही उशिरा लागतो.

तिसरी पायरी: गाडीचा पाच मिनिटांचा तपास

टायर, ब्रेक, दिवे. एवढं रोज बघितलं तरी पुष्कळ झालं.

टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या भिंती जास्त वाकतात, तापतात, आणि उन्हाळ्यात डांबर आधीच तापलेलं असल्याने तो फुटतो. म्हणून हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. उन्हात फुटेल या भीतीने मुद्दाम हवा कमी ठेवणारे लोक आहेत, त्यांचा हिशोब उलटा आहे. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलावा. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की समजा वेळ झाली. टायर कधी बनला हे त्याच्या भिंतीवरच्या चार आकड्यांवरून कळतं: २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी गाडी घेताना हे नक्की बघा.

दिव्याच्या काचेवर रोज संध्याकाळी ओलं फडकं फिरवा. हेडलाइटचा झोत वर गेला असेल तर गॅरेजवाल्याकडून खाली करून घ्या. मोटरसायकलवर मागे दोघं बसले की झोत आपोआप वर जातो, तुम्हाला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. तिबल सीट टाळण्याचं हेही एक कारण.

चौथी पायरी: वेग, आणि दिसतं तेवढंच धावायचं

२०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. पण गावरस्त्यावर अतिवेग म्हणजे १०० नव्हे. इथे ६० सुद्धा अतिवेग असू शकतो, तो कसा ते बघा.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाऊन ब्रेक लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्यानंतर गाडी घसटत थांबते ते अंतर वेगळं. कोरडं डांबर आणि चांगला ब्रेक धरून हिशोब केला तर मोटरसायकल ४० च्या वेगाला सुमारे ३० मीटरवर थांबते, ६० ला सुमारे ५३ मीटरवर, आणि ८० ला ८० मीटरच्याही पुढे. वेग दुप्पट झाला की थांबण्याचं अंतर दुपटीहून बरंच जास्त होतं, आणि धडकेचा जोर चौपट.

आता डिपरवर असलेल्या मोटरसायकलच्या दिव्यात बिनदिव्याची वस्तू ओळखू येते ती जेमतेम ३० ते ४० मीटरवर. म्हणजे ६० च्या वेगात ट्रॉली दिसेपर्यंत थांबण्याची वेळ निघून गेलेली असते. ड्रायव्हर कितीही हुशार असला, ब्रेक कितीही चांगला असला तरी. म्हणून रात्री डिपरवर ४० हा आकडा मनाशी पक्का करा. समोरून गाडी आल्यावर डोळे दिपले तर ३० वर या आणि नजर डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा.

दिवसाचंही थोडं सांगतो. आपले बरेच रस्ते आता सिमेंटचे आणि गुळगुळीत झालेत. वेग सहज चढतो, पण वस्त्या, शाळा आणि वावराचे फाटे जिथे होते तिथेच आहेत. डांबराची किंवा सिमेंटची कड आणि मातीची साइडपट्टी यांत जागोजागी वीतभर उंचीचा फरक असतो. चाक खाली उतरलंच तर झटका देऊन वर घेऊ नका, गाडी तिथेच उलटते. हँडल सरळ धरून वेग कमी होऊ द्या आणि कड सखल असेल तिथे वर या.

पाचवी पायरी: उभी ट्रॉली, बंडी आणि कुटाराचा ट्रॅक्टर

ही पायरी ट्रॅक्टर आणि बंडी असलेल्यांसाठी आहे. मोटरसायकलवाल्याने कितीही काळजी घेतली तरी जी वस्तू दिसतच नाही तिच्यापासून तो स्वतःला किती वाचवणार?

ट्रॉलीच्या मागे लाल आणि दोन्ही बाजूंना पिवळी चकाकणारी पट्टी लावा. तिचा खर्च एका डिझेलच्या कॅनपेक्षाही कमी येतो. कापूस, कुटार किंवा ऊस भरताना माल लोंबून पट्टी झाकत नाही ना, ते निघताना बघा. झाकत असेल तर एका काठीला पट्टी गुंडाळून मालाच्या मागच्या टोकाला खोचा. बैलांच्या शिंगांना आणि बंडीच्या मागच्या फळीला रेडियम लावा.

ट्रॅक्टरचा मागचा पांढरा दिवा रात्री नांगरणी-पेरणीसाठी असतो. रस्त्यावर तो चालू राहिला की मागून येणाऱ्याला समोरून गाडी येतेय असंच वाटतं आणि तो चुकीच्या बाजूला जातो. डांबरावर चढण्याआधी तो बंद करा.

पंक्चर झालं तर जमेल तसं ट्रॉली रस्त्याखाली घ्या. नाहीच जमलं तर मागे ५० ते ६० पावलांवर चकाकणारा त्रिकोण ठेवा, तो नसेल तर बॅटरी घेऊन एक माणूस साइडपट्टीवर उभा करा. झाडाच्या फांद्या दिवसा ठीक, रात्री त्या दिसत नाहीत. आणि चाकाला लावलेले दगड काम झाल्यावर उचला. ट्रक-ट्रॅक्टर निघून जातात, दगड तिथेच राहतात, आणि मध्यरात्री एखादा त्यांवर पडतो. हे पाहून मन फार विषण्ण होतं, कारण दगड उचलायला अर्धं मिनिटही लागत नाही.

मजुरांना ट्रॉलीत, मालावर बसवून नेऊ नका. ट्रॉली उलटली की माणसं तिच्याखालीच जातात.

सहावी पायरी: जनावरं आणि रस्त्यावर वाळत घातलेलं पीक

पूर्ण वाढलेला रोही, म्हणजे नर नीलगाय, २०० किलोच्या वर भरतो. वावराच्या धुऱ्यावरून तो एका उडीत रस्त्यावर येतो. रानडुक्कर सहसा एकटं नसतं, एक गेलं की मागून आणखी येणार असं धरूनच थांबा. तूर आणि हरभरा उभा असतो त्या दिवसांत रात्री आणि पहाटे हे जास्त घडतं. चंद्रपूर-मूल किंवा मोहर्लीसारख्या जंगलातल्या रस्त्यांवर, मेळघाटात सेमाडोहच्या पुढे, वाघ-बिबट्याही आडवा येतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या भागात जनावरांसाठी खालून वाटा केल्या आहेत, गावरस्त्यांना ती सोय नाही. जनावर समोर आलं तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. वळवून वाचवायला गेलेली गाडी झाडावर किंवा समोरच्या ट्रकवर जाते, आणि जनावराला धडकण्यापेक्षा ते जास्त जिवावर बेततं.

मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडे पहाटे अंधार असतानाच बाया-माणसं मोहफुलं वेचायला रस्त्याकाठच्या झाडांखाली वाकलेली असतात. तिथे हॉर्न वाजवत वेगाने जाण्यापेक्षा हळू जा.

सोयाबीन आणि तूर रस्त्यावर वाळत घालण्याची पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. दाण्यांवर मोटरसायकलचं चाक सरकतं, आणि पिकाभोवती मांडलेले दगड रात्री दिसत नाहीत. शेतकऱ्याकडे खळं नाही ही अडचण खरी आहे. गावाने शाळेचं पटांगण किंवा समाजमंदिराचा ओटा त्या पंधरा दिवसांपुरता मोकळा केला तरी पुष्कळ फरक पडेल.

सातवी पायरी: पाऊस, चिखल आणि रपटा

मृगाच्या पहिल्या सरींत रस्ता सर्वात निसरडा असतो. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणलेली असते, ती भिजली की दुचाकी उभीच राहत नाही. अशा पट्ट्यावर पुढचा ब्रेक झटक्यात दाबू नका, आधीच गियर उतरवून हळू व्हा.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबा. यात अपवाद नाही. फूटभर वाहतं पाणी लहान कारला तरंगवतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं, आणि गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की खचलाय ते काठावरून कळत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या पुलावर पुरात एसटीची बस वाहून गेली. बस वाहून जाते तिथे मोटरसायकलचं काय! भामरागडला पर्लकोटा नदी चढली की लोक दोन-दोन दिवस थांबतात. तेच शहाणपण प्रत्येक नाल्यावर वापरा.

आठवी पायरी: समृद्धीवर जाणार असाल तर

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तिथे ना बंडी आडवी येते, ना आठवडी बाजार लागतो, म्हणून धोका संपला असं वाटतं. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असतानाच लक्ष निघून जातं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. दर दोन तासांनी उतरून चाला. हवा आणि टायरचं वय चढण्याआधी बघा, ताशी १२० ला तिथे टायर जीर्ण निघाला तर सावरायला काही उरत नाही. मागे बसलेल्यांनीही सीटबेल्ट लावावा.

नववी पायरी: डोकं वाचवा

हेल्मेट नीट पट्टा लावून घातलं तर मृत्यूचा धोका सहापटीहून जास्त कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आयएसआय खूण बघून घ्या. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आदळण्यातच डोक्यावरून निघून जातं. मागे बसणाऱ्या बाईलाही ते हवं, आणि साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्या. "गावातल्या गावात" जाताना सूट नाही, कारण वरच्यासारखा ट्रॉलीचा अपघात गावाजवळही होऊ शकतो.

अठराच्या आतल्या पोराच्या हातात मोटरसायकल देऊ नका. त्याने गाडी चालवली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

अपघात झालाच तर

आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, नाहीतर मदतीला आलेलेच चिरडले जातात. १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला. जागा सांगताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि जवळच्या फाट्याचं नाव सांगा, "वडाच्या झाडाजवळ" म्हटल्याने गाडीला सापडत नाही. मान वा पाठ दुखत असलेल्या माणसाला आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर हलवू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि सोडून सोडून बघू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच, एकाने मान धरून आणि दुसऱ्याने सावकाश, काढावं.

पोलिसांच्या भीतीने कोणी मागे सरू नये. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमाने संरक्षण दिलं आहे. तुम्हाला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचाराची योजनाही आहे, दवाखान्यात भरती करताना ती आवर्जून विचारा.

आपल्या तालुक्यातून मोठ्या दवाखान्यापर्यंतचं अंतर पुष्कळदा तासा-दीड तासाचं असतं. म्हणून गावातल्या दोन-चार तरुणांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रथमोपचार शिकून घ्यावेत आणि त्यांचे नंबर बसथांब्यावर लिहून ठेवावेत. जवळचं कोणतं रुग्णालय रात्री सुरू असतं आणि तिथवर कोणत्या रस्त्याने जायचं, हेही त्याच भिंतीवर लिहा.